उजेडाची कळ

माझी मैत्रीण रुद्राणी क्षमाशील नाही, हे आधीच सांगून टाकते. बीडमध्ये हल्ली तिच्याविषयी जे बोललं जातं त्यात तिला उगाच देवपण दिलं जातं. म्हणे तिनं मन मोठं केलं, म्हणे झालं गेलं विसरून गेली. कोण विसरलं? तिनं डूख धरला, नीट जपून ठेवला आणि वेळ आल्यावर काढला. मी पहिल्या रांगेत बसून तो बघितला आणि मला फार बरं वाटलं. ज्यांना यात वाईट वाटत असेल त्यांनी पुढं वाचू नये.

आम्ही दोघी वडवणीच्या, एका बाकावरच्या. तिच्या वडिलांचं, गुरुपाद अप्पांचं, बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज बारीक, आणि गिऱ्हाईक कितीही तापलं तरी अप्पांचा पारा चढायचा नाही. रागीटपणा रुद्राणीनं कुठून आणला देव जाणे. दुकानाशिवाय त्यांची रस्त्याला लागून थोडी जमीन होती. त्यात दर रब्बीला मालदांडी ज्वारी.

नव्वदीनंतर त्या रस्त्यावर ढाबा झाला आणि ढाबेवाल्यानं मोठा दिवा लावला. रात्रभर जळायचा. त्या हंगामात दिव्याखालची ज्वारी कंबरेएवढी, छातीएवढी, डोक्याएवढी झाली, पण तिला कणीसच येईना. चार पावलांवर अंधारात उभी असलेली ज्वारी मात्र भरून आली. अप्पा ढाबेवाल्याला सांगून थकले. रुद्राणी बांधावर उभी राहून मला म्हणाली, "शिवे, ह्या धांड्याला कसं कळतं गं रात झाली का न्हाई? ह्याला डोळे हायेत का?"

मला त्या प्रश्नाचं काही पडलं नव्हतं. तिनं मात्र त्याच्यावर तारुण्य घालवलं. बीडला बीएस्सी, औरंगाबादला एमएस्सी, आणि मग पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीला गेली. तिथं तिला मार्गदर्शक मिळाला तो तानाजी. लोक त्याला डॉक्टर तानाजीराव म्हणतात. मी म्हणणार नाही. पालीकडच्या बड्या जमीनदार घरातला. घरात पुढारपण, हाताखाली शाळा-कॉलेजं. त्याला लहानपणीच इंग्रजी शाळेच्या वसतिगृहावर ठेवलेलं, तिथून अमेरिका, आणि नुकताच परत आलेला. अप्पांना केवढा आनंद झाला! "आपल्या जिल्ह्याचा माणूस हाय, पोरीकडं लक्ष ठेवील," असं त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगितलं.

जिल्ह्याचा असला तरी जिल्ह्याची बोली त्याला धड येत नव्हती, आणि आपल्याला येत नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. एकदा दिवस मावळला, सगळे दमले होते, तेव्हा रुद्राणीनं सवयीनं विचारलं, "सर, आता वाढवायचं का?" आमच्याकडं दुकान बंद करायचं असलं की 'वाढवायचं' म्हणतात. बंद, विझणं, फुटणं हे शब्द घरात तोंडातून काढायचे नाहीत. म्हणून दुकान वाढवतात, बांगडी वाढते, दिवा वाढवतात. यात नवल ते काय? पण तानाजी खुर्चीवरून उठला आणि टाळी वाजवून म्हणाला, "वाढवायचंच! हाच ॲटिट्यूड पाहिजे. जग खुलं झालंय, आपण मोठं व्हायचं, वाढायचं!" आणि सगळ्यांना आणखी दोन तास कामाला बसवलं. रुद्राणीनं काही त्याला समजावून सांगितलं नाही. दिवाळीत घरी आली तेव्हा सांगून सांगून हसली. तेव्हा ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

तिचं काम काय होतं ते मला तिनं इतक्यांदा सांगितलंय की आता मी शाळेत मुलींना शिकवू शकते. ज्वारीच्या पानात एक प्रथिन असतं. त्याला तांबडा उजेड लागला की त्याचा आकार पालटतो आणि ते शेजारच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन धरतं. आणखी गडद, डोळ्याला दिसेल न दिसेल असा तांबडा उजेड लागला की सोडून देतं. दिवस-रात्र, ऊन-सावली रोपाला कळते ती यातून. रुद्राणीच्या मनात आलं, ही कळ ज्वारीतून काढून दुसऱ्या जिवाच्या पेशीत बसवली तर? मग त्या पेशीच्या आतलं एखादं काम, औषध न घालता, सुई न टोचता, नुसत्या उजेडानं चालू करता येईल आणि उजेडानंच बंद. कुठलं प्रथिन काय काम करतं हे त्यामुळं उलगडता येतं. जगात इतरही लोक याच्या मागं होते, पण हिच्यापाशी मालदांडी होती, अप्पांच्या रानातली.

तिनं ती कळ पाव फुगवायच्या यीस्टमध्ये घातली. अशी जुळणी केली की दोन प्रथिनांनी एकमेकांना धरलं की यीस्ट निळं पडावं. निळं म्हणजे चालू, पांढरं म्हणजे बंद. ऐकायला सोपं आहे. पण ज्वारीतलं मूळ प्रथिन बेइमान निघालं. अंधारातही थोडं थोडं धरायचं आणि ताटली फिकी निळी व्हायची. जी कळ आपोआप चालू होते ती काय कामाची? मग रुद्राणीनं त्या प्रथिनाची एकेक कडी बदलायला घेतली. बदलायची, यीस्टमध्ये घालायची, बघायची, फेकून द्यायची. किती वेळा, ते तिनं कधी मोजलं नाही. शेवटी एक प्रथिन असं साधलं की अंधारात ताटली दह्यासारखी पांढरी राहिली आणि तांबडा उजेड पडला तिथंच निळी झाली. त्या दिवशी तिनं वडवणीला दुकानात फोन करून अप्पांना सांगितलं, "अप्पा, कळ बसली." अप्पांनी बाजारात पेढे वाटले. कळ म्हणजे काय हे कुणाला समजलं नाही, पेढे सगळ्यांनी खाल्ले.

या कामात एक जाचक गोष्ट होती. ते प्रथिन मुळात आंधळं असतं. त्याला उजेड दिसावा म्हणून शेवाळापासून काढलेला एक रंग वरून घालावा लागतो. तो घातला की मग नेहमीचा उजेड चालत नाही. मिणमिणत्या हिरव्या दिव्यात कसंबसं काम उरकायचं, आणि ताटली तयार झाली की तोही दिवा घालवायचा. रुद्राणी वर्षानुवर्षं त्या अंधाऱ्या खोलीत बसली. तानाजी आत एकदाही आला नाही. शेवाळाच्या वासानं त्याचं डोकं दुखायचं.

मग अप्पांना लकवा मारला आणि रुद्राणी सगळं टाकून वडवणीला आली. काही महिने तिनं त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. परत गेली तेव्हा त्या कळीवरचा निबंध छापून आला होता. परदेशी नियतकालिकात, वर एकच नाव, तानाजीचं. पेटंटचा अर्जही त्याच्याच नावानं गेलेला. निबंधाच्या शेवटी, आभाराच्या ओळीत, 'तांत्रिक साहाय्य: कु. रुद्राणी'. चहा आणून देणाऱ्याचे मानतात तसे आभार.

तिथंच थांबला असता तर एक वेळ समजू शकले असते. पण तिचा प्रबंध परीक्षकांपुढं गेला तेव्हा त्यांनी सांगितलं की यात नवं काही नाही, हे संशोधन आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. तिचंच काम तिच्या तोंडावर फेकलं, चोरीचं म्हणून! आणि तानाजी त्याच खोलीत बसून नखं बघत होता. 

अप्पांना हे कळल्यावर ते काठी टेकत एसटीनं पालीला गेले. दसऱ्यासाठी तानाजी घरी आलेला होता. अप्पांनी बरोबर पिशवीत त्या रानातली ज्वारी नेली होती, रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही म्हणून. त्यांना ओसरीवर ताटकळत ठेवलं. मग तानाजी बाहेर आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मुलगी हुशार आहे तुमची. पण विज्ञानात भावनेला जागा नसते. आता तिचं लग्न बघा." आणि गड्याला म्हणाला, "ती पिशवी गोठ्याकडं ठेव." अप्पांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्या त्या बारीक आवाजात, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. संक्रांतीच्या आधी गेले. आमच्यासमोर समाधी दिली. रुद्राणी रडली नाही.

घरी परतताना ती मला म्हणाली, "शिवे, मला त्याचं वाटोळं करायचंय."

मी म्हटलं, "कर."

पण करणार कसं? पुण्याला अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. ती बीडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. वडवणीच्या बाजारात लोक विचारायचे, "काय रुद्राणीबाई, कळीचं काय झालं मग?" आणि एकमेकांकडं बघून हसायचे. पेढे खाल्लेली हीच तोंडं. ती पुढं निघून जायची. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मोठी नोकरी नको, सत्कार नको. ती कळ आपली आहे हे चारचौघांत कबूल करून हवं होतं, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून नाही, त्याच्याकडून.

मग तानाजीच्या घरच्यांनी बीडजवळ जैवतंत्रज्ञानाचं केंद्र काढलं. तेव्हा जो तो 'टेक्नॉलॉजी' म्हणत होता. यांनी तर इमारतच बांधली. उद्घाटनाला मुंबईहून एका औषध कंपनीचा बडा गोरा साहेब येणार होता. कंपनीला ती कळ विकत घ्यायची होती. आणि साहेबाची अट होती की प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवा. झाली पंचाईत! तानाजीनं तो प्रयोग जन्मात स्वतःच्या हातानं केला नव्हता, आणि हातानं करणारे विद्यार्थी एकेक करून त्याला सोडून गेले होते. का गेले ते मी सांगायला नको.

त्यानं रुद्राणीकडं गाडी पाठवली. निर्लज्जपणा बघा. तिला म्हणाला, "आपल्या जिल्ह्याचं काम आहे. तुला स्टेजवर उभं राहायला मिळेल. शाल देऊ."

रुद्राणीनं मान खाली घालून हो म्हटलं. मला हे कळल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. अप्पांची आठवण काढून बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं तुझं? आता उद्या लवकर ये. म्होरल्या रांगेत बस."

सकाळी कार्यक्रम सुरू झाला. मांडव भरलेला, पुढारी, फेटे, हार, मागं वडवणीच्या बाजारातली माणसंही. तानाजीनं दारात नारळ वाढवला, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत मधोमध त्याची आई सरस्वतीबाई, डोक्यावर पदर, लेकाकडं बघून फुललेल्या. त्यांच्या शेजारी कंपनीचा साहेब. मी रांगेच्या टोकाला.

मग सगळ्यांना सभागृहात नेलं. खिडक्यांना काळे पडदे. स्टेजवर टेबल, टेबलावर यीस्टची ताटली, आणि हिरवा कागद लावलेला एक दिवा, त्याला कमी-जास्त करायचं बटण. बटण तानाजीच्या हातात होतं. फोटो बटणाचा येणार होता ना, मग ते दुसऱ्याच्या हाती कसं देणार? बाकीचं सगळं रुद्राणी करत होती. कंपनीचं चिन्ह कापलेला काळा कागद ताटलीवर ठेवायचा, दिवा घालवायचा, मग वरून क्षणभर तांबडा उजेड टाकायचा. उजेड जिथून आत जाईल तिथं निळं चिन्ह उमटणार. तिनं शेवाळाचा रंग घातला. 

मग ती वर न बघता, स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, दिवा वाढवा."

आणि तानाजीनं वाढवला. बटण पिळून पार टोकाला नेलं. सगळं स्टेज हिरवंगार झालं, कागदाच्या कडेनं पांढरा उजेड भस्सकन ताटलीवर सांडला. चिन्हाचा काळा कागद अजून तिच्या हातातच होता. कॅमेरे चमकले. मागं बायकांत खसखस पिकली, एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्यानं तर पेटवला!" तानाजीला वाटलं आपलं कौतुकच चाललंय. तो हात उंचावून हसला.

रुद्राणी थांबली. मग स्वतःच दिव्याची पिन काढली, कागद ठेवला, तांबडा उजेड टाकला, ताटली काळ्या कागदात गुंडाळली. तिच्या हातून काही चुकलं नाही. सांगायचं ते तिनं सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्या हरेक माणसाला ते समजलं होतं, एकाला सोडून.

रंग यायला काही तास लागतात. आमच्याकडं सत्काराची भाषणं असताना त्याची चिंता नसते. पुढारी बोलले, त्यांचे विरोधक बोलले, जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर सगळे पुन्हा सभागृहात जमले. तानाजीनं माइकसमोर उभं राहून काळा कागद सोडला आणि ताटली साहेबापुढं धरली.

ताटली या कडेपासून त्या कडेपर्यंत निळी. चिन्ह नाही, रेघ नाही, काही नाही.

साहेबानं इंग्रजीत विचारलं, आमचं चिन्ह कुठं आहे? तानाजीनं ताटली फिरवली, उलटी केली, उजेडाकडं धरली. साहेब म्हणाला, म्हणजे तुमची कळ बंद होतच नाही? मग ती घेऊन आम्ही काय करायचं?

 तानाजी गर्रकन वळला आणि रुद्राणीकडं बोट करून ओरडला, "हिनं केलं! सगळ्यांनी ऐकलंय. हिनंच मला सांगितलं, दिवा वाढवा!"

 आणि मग पहिल्या रांगेतून सरस्वतीबाई बोलल्या. बिचारीला वाटलं, लेकाची चूक समजावून सांगावी.

"आरं तान्या, वाढव म्हंजी घालव, बाबा! दिवा वाढव म्हणलं की घालवायचा आस्तुय. सकाळी नारळ वाढवलास, तवा त्यो मोठा केलास व्हय?"

जे हसणं उसळलं ते विचारू नका. फेटे हलत होते. पुढारी रुमाल तोंडाला लावून हसत होते. मीही हसले, पोट धरून हसले, आणि हसता हसता मला अप्पांची ती पिशवी आठवली. तरी हसले.

साहेबाला मराठी येत नव्हती. त्यानं रुद्राणीलाच विचारलं, कळ चालते की नाही? तिनं तिच्या साध्या इंग्रजीत सांगितलं की कळ उत्तम आहे. दिवा घालवायला सांगितला होता, डॉक्टरसाहेबांनी तो मोठा केला. हे काम करणाऱ्यानं अशी चूक केली नसती, कारण हिरवा दिवा शेवटी घालवतात हे त्याला सांगावं लागत नाही. मग ती आतल्या खोलीत गेली आणि काळ्या कागदात गुंडाळलेली दुसरी ताटली घेऊन आली. सकाळी कुणी यायच्या आधी, खिडकीला घोंगडी लावून, तिनं ती केली होती.

चौकशी वगैरे पुढं झाली. साहेबानं पुण्याला लिहिलं, संस्थेला कागद उकरावे लागले, निबंधाला दुरुस्ती छापून आली, तिला पदवी मिळाली. ते सगळं कुठंही वाचायला मिळेल आणि मला त्याचं फार काही वाटत नाही. मला त्या ताटलीचं वाटतं.

साहेबानं कागद सोडला. दह्यासारखी पांढरी ताटली आणि तिच्यावर ठसठशीत निळी देवनागरी अक्षरं. साहेबानं ती खाली-वर करून बघितली. त्याला ती लिपी येईना. त्यानं ताटली तानाजीपुढं धरली आणि विचारलं, "काय लिहिलंय?"

तानाजी माइकची वायर नीट करायला लागला. साहेबानं पुन्हा विचारलं. खालून सरस्वतीबाईंनी मान उंच करून विचारलं, "काय हाय रं त्यात? वाच की. मला कुठं वाचाया येतं?"

आता आईच्या पुढं तो कुठं जाणार?  माइक समोरच होता, पण त्यानं तोंड जरा बाजूला घेतलं.

"रुद्राणी," तो म्हणाला.

"म्हणजे काय?" साहेब म्हणाला.

"नाव आहे. हिचं." मग साहेब अजून बघतच होता म्हणून, जमिनीकडं बघत, "ही कळ हिनं केली."

मी रुद्राणीकडं बघितलं. मला वाटलं, आता हिचे डोळे भरतील, आता ही 'असू द्या सर' म्हणेल, शाळेत आपल्याला तसंच तर शिकवतात. तिनं पुढं होऊन माइकची मान धरली आणि त्याच्या तोंडापाशी वळवली.

"सर, मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "मागं वडवणीची माणसं बसल्यात. त्यांना ऐकू आलं न्हाई."

त्याला पुन्हा म्हणावं लागलं.